'इन्सेप्शन' डोनाल्ड डकवरून ढापला? कॉमिक्समधल्या गोष्टींची नाती नोंदवतात तरी कशी?

दर काही महिन्यांनी एक पोस्ट हमखास फिरत येते. एका बाजूला लिओनार्डो डिकॅप्रिओ, दुसऱ्या बाजूला डोनाल्ड डकच्या कॉमिकमधले चार-पाच चौकोन आणि वर ठळक अक्षरांत 'नोलनने इन्सेप्शन इथून ढापला!' खाली नोलनचे चाहते खवळलेले असतात, बाकीचे मजा बघत असतात.

पोस्टमधलं कॉमिक खोटं नाही. डॉन रोझा या अमेरिकन चित्रकार-लेखकाची ही गोष्ट २००२ सालची आहे आणि तिचं नाव 'द ड्रीम ऑफ अ लाइफटाइम'. बीगल बॉइज ही चोरांची टोळी एक यंत्र पळवते, त्यातून झोपलेल्या अंकल स्क्रूजच्या स्वप्नात शिरते आणि तिथे त्याच्या तिजोरीचं गुपित काढून घ्यायचा प्रयत्न करते. 'इन्सेप्शन' आला २०१० मध्ये. दुसऱ्याच्या स्वप्नात शिरून गुपित चोरणं हे दोन्हीकडे आहे, तेव्हा साम्य नाकारण्यात अर्थ नाही.

पण या दोन कलाकृतींमधलं नातं एका ओळीत लिहायचं झालं, तर शब्द कोणता वापरायचा? चोरी, प्रेरणा, योगायोग की नुसतं साम्य? सोशल मीडियावर यातला कोणताही शब्द चालून जातो. मात्र जगात काही मंडळी अशी आहेत, जी तीसेक वर्षं हेच काम करत आली आहेत. कॉमिक्समधली कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीशी जोडलेली आहे आणि नेमकी कशी, याच्या नोंदी ती ठेवतात. त्यांना असा कोणताही शब्द चालत नाही.

गोष्ट वेगळी, अंक वेगळा

कॉमिक्सचे दोन मोठे डेटाबेस या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहेत. एक 'ग्रँड कॉमिक्स डेटाबेस'. तो १९९४ मध्ये सुरू झाला आणि जगभरातल्या कॉमिक्सची नोंद ठेवतो. दुसरा 'इंडक्स'. त्याचा आवाका फक्त डिस्नेच्या कॉमिक्सपुरता आहे, पण त्या कामात तो फार खोलात जातो. दोन्ही स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. नोंदी करणारे आपापली नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी जुने अंक उघडून बसतात.

दोघांचाही पहिला नियम एकच आहे: गोष्ट आणि अंक यांची गल्लत करायची नाही.

हा नियम का लागतो, ते स्क्रूजवरूनच कळतं. अंकल स्क्रूज पहिल्यांदा दिसला डिसेंबर १९४७ च्या 'ख्रिसमस ऑन बेअर माउंटन' या गोष्टीत. काढणारे आणि लिहिणारे कार्ल बार्क्स. ही गोष्ट नंतर देशोदेशी छापली गेली. डेन्मार्कमध्ये स्क्रूज झाला योआकिम फॉन आन्, जर्मनीत डागोबर्ट डुक आणि इटलीत पापेरोन दे पापेरोनी. गोष्टीचं नावही जागोजागी बदललं. मग ही गोष्ट नावावरून शोधायची कशी?

मराठी वाचकाला ही अडचण नवी नाही. तुकोबांचा एकच अभंग एका गाथेत एका क्रमांकावर असतो, दुसऱ्या गाथेत भलत्याच. 'अमुक क्रमांकाचा अभंग' असं सांगितलं तर समोरचा आधी विचारतो, 'कोणत्या गाथेतला?'

इंडक्सने यावर उपाय काढला तो असा, की प्रत्येक गोष्टीला तिचा स्वतःचा कोड द्यायचा. बेअर माउंटनचा कोड आहे 'डब्ल्यू ओएस १७८-०२'. डब्ल्यू म्हणजे वेस्टर्न, मूळ प्रकाशन कंपनी. ओएस म्हणजे 'वन शॉट', एकेकटे निघणारे अंक. १७८ हा अंकाचा क्रमांक आणि ०२ हे त्या अंकातलं स्थान. गोष्ट पुढे कुठेही, कोणत्याही भाषेत छापली गेली तरी हा कोड बदलत नाही. शीर्षकं, अनुवाद, मुखपृष्ठं सगळी त्याच्या खाली येतात.

एकदा प्रत्येक गोष्टीला अशी ओळख मिळाली, की मग दोन गोष्टींमध्ये दोरी बांधता येते. त्यालाच क्रॉस रेफरन्स म्हणायचं.

तिसरा रकाना

कागदावर हे काम सोपं दिसतं. एक तक्ता घ्या. पहिल्या रकान्यात गोष्ट 'अ', दुसऱ्यात गोष्ट 'ब'. झालं, जोडलं.

खरं काम तिसऱ्या रकान्यात आहे. तिथे लिहायचं असतं 'का?'

बार्क्स यांची १९५३ ची 'बॅक टु द क्लोंडाइक' ही गोष्ट घ्या. म्हातारा स्क्रूज आपल्या तरुणपणीच्या सोन्याच्या खाणीच्या प्रदेशात परत जातो आणि तिथे त्याला गोल्डी भेटते. गोल्डी ही त्या काळात डॉसन गावात नाचगाणी करणारी बाई. तिने एकदा त्याचं सोनं लुबाडलेलं असतं आणि तो तिला विसरू शकलेला नसतो. बदकांच्या कॉमिकमध्ये इतकी दुखरी प्रेमकथा त्या काळात कोणी अपेक्षिली नव्हती. संपादकांनाही ती झेपली नाही. दारूच्या गुत्त्यातली मारामारी आणि स्क्रूज गोल्डीला बळजबरीने आपल्या खाणीवर नेतो तो भाग त्यांनी छापण्याआधीच काढून टाकला.

आता या एका गोष्टीला किती दोऱ्या आहेत बघा. वगळलेली पानं बार्क्स यांनी जपून ठेवली होती. १९८१ मध्ये त्यांच्या निवडक गोष्टींचा जाडजूड ग्रंथ निघाला, तेव्हा ती पानं परत जागेवर बसवली गेली. म्हणजे १९८१ ची आवृत्ती हे पुनर्मुद्रण आहे, पण तंतोतंत नव्हे. १९८७ मध्ये 'डकटेल्स' ही टीव्ही मालिका आली आणि तिचा एक भाग याच नावाने याच गोष्टीवर बेतला होता. हे झालं रूपांतर. (नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर हिंदी डकटेल्स बघणाऱ्या कित्येकांना बार्क्स हे नाव तेव्हा कानावरही पडलेलं नव्हतं, पण त्यांच्या गोष्टी ते बघत होते.) १९८८ मध्ये रोझाने 'लास्ट स्लेड टु डॉसन' काढली. ती गोष्ट पुढे सरकवते, म्हणून तो उत्तरभाग. मग १९९३ मध्ये रोझानेच 'द किंग ऑफ द क्लोंडाइक' काढली. ती छापली गेली चाळीस वर्षांनी, पण घडते मात्र बार्क्सच्या गोष्टीच्या कितीतरी आधी. शेवटी २००६ मध्ये 'द प्रिझनर ऑफ व्हाइट अ‍ॅगनी क्रीक' आली. स्क्रूज आणि गोल्डी त्या खाणीवर एकत्र होते, तो काळ तिच्यात आहे. म्हणजे बार्क्सने फ्लॅशबॅकमध्ये झरझर उरकलेल्या काळात शिरून रोझाने अख्खी गोष्ट उभी केली.

या सगळ्यांपुढे डेटाबेसमध्ये नुसतं 'संबंधित' असं लिहिलं असतं तर? पाच-सहा नावांची यादी मिळाली असती आणि आधी काय वाचायचं, यातलं नवं कोणतं, जुनंच पुन्हा छापलेलं कोणतं, पान गाळलेलं कोणतं, हे काहीच कळलं नसतं. 'तो आमच्या नात्यातला' एवढंच सांगून भागत नाही. चुलता की मावसा, ते सांगावं लागतं.

दोरीला दिशा असते

आणखी एक भानगड आहे. पुनर्मुद्रणाला दिशा असते, उत्तरभागाला दिशा असते. 'अ' हा 'ब'चा उत्तरभाग असेल, तर 'ब' हा 'अ'चा उत्तरभाग नसतो. हे सांगायला नको असं वाटेल, पण दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वेगवेगळ्या दिवशी दोन्ही बाजूंनी नोंद केली, की गोंधळ झालाच म्हणून समजा. एकाच नात्याच्या दोन नोंदी, त्याही एकमेकींशी न जुळणाऱ्या.

म्हणून शहाणपणाची रीत अशी, की नोंद एकदाच करायची आणि ती नंतर आलेल्या गोष्टीवर करायची. कारण उघड आहे. १९५३ मध्ये बार्क्सला रोझा नावाचा कोणी येणार आहे हे माहीत नव्हतं. रोझाला मात्र बार्क्स तोंडपाठ होता. उसनवारी नेहमी नंतरचा करतो. जुन्या गोष्टीच्या पानावर 'हिच्याकडे कोणकोण बोट दाखवतं' ही यादी यंत्र आपोआप तयार करू शकतं.

इथे 'नंतर' या शब्दाने फसायला होतं. रोझाची सर्वांत गाजलेली मालिका 'द लाइफ अँड टाइम्स ऑफ स्क्रूज मॅकडक' १९९२ ते १९९४ या काळात डेन्मार्कच्या साप्ताहिकात प्रथम छापली गेली आणि १९९५ मध्ये तिला कॉमिक्सच्या जगातला मानाचा आयस्नर पुरस्कार मिळाला. बारा प्रकरणं. ग्लासगोमधल्या गरीब पोरापासून सुरुवात आणि शेवट १९४७ च्या नाताळात, म्हणजे बेअर माउंटनची गोष्ट जिथे संपते त्याला लागूनच. बार्क्सने पंचवीस वर्षांच्या कामात स्क्रूजच्या पूर्वायुष्याबद्दल जागोजागी एकेक वाक्य टाकलं होतं. एकदा तो मिसिसिपीवर बोट चालवत होता, एकदा मोंटानात गुरं राखत होता, असं काहीबाही. रोझाने ही सगळी वाक्यं वेचली, एका रेषेत बसवली आणि मधल्या जागा भरल्या.

याचा अर्थ गोष्टीतल्या काळानुसार रोझाची मालिका आधी आणि बार्क्सच्या गोष्टी नंतर. छपाईच्या काळानुसार नेमकं उलटं. डेटाबेसने यातला कोणता क्रम धरायचा? उत्तर आहे छपाईचा, कारण तो पुराव्याने ठरतो. स्क्रूजच्या आयुष्याची सनावळी ही रोझाची मांडणी आहे. ती सुंदर आहे, पण बार्क्सने ती कधीच पाळली नव्हती. तिसऱ्या रकान्यात 'पूर्वकथा' असं लिहिलं की वाचकाला दोन्ही क्रम मिळतात.

सगळंच नोंदवायचं का?

रोझाच्या चौकोनांत बारीकसारीक गोष्टी ठासून भरलेल्या असतात. भिंतीवर टांगलेली एखादी वस्तू बार्क्सच्या जुन्या साहसातली असते, संग्रहालयाच्या कोपऱ्यात एखादी मूर्ती ओळखीची निघते. शिवाय पहिल्या चौकोनात तो चार इंग्रजी अक्षरं लपवतो, ज्यांचा अर्थ होतो बार्क्सला अर्पण. हौशी वाचक ती भिंग घेऊन शोधतात.

अशी प्रत्येक वस्तू क्रॉस रेफरन्स म्हणून नोंदवली, तर एकेका गोष्टीखाली भली लांबलचक यादी होईल आणि ज्याला खरंच मागची गोष्ट वाचायची आहे, त्याला ती त्या ढिगात सापडणार नाही. उलट फक्त उत्तरभाग नोंदवले तर रोझाचं निम्मं काम अदृश्य होईल. यावर एक साधी कसोटी लावता येते: ती मागची गोष्ट माहीत नसेल तर वाचकाचं काही अडतं का? १९४९ च्या 'लॉस्ट इन द अँडीज'मध्ये बार्क्सने चौकोनी अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं गाव दाखवलं. १९८९ मध्ये रोझा 'रिटर्न टु प्लेन ऑफुल'मध्ये त्याच गावात परत गेला. इथे आधीची गोष्ट माहीत असल्याशिवाय निम्म्या गमती कळतच नाहीत. ही नोंद हवीच. भिंतीवरच्या मूर्तीसाठी टिपेत एक ओळ पुरते.

ही कसोटी दर वेळी चालेलच असं नाही. नोंद करणाऱ्यांचे वाद इथेच होतात आणि ते व्हायलाही हवेत.

आता नोलनचं काय?

बार्क्सची १९५४ ची एक गोष्ट आहे, 'द सेव्हन सिटीज ऑफ सिबोला'. हरवलेल्या सोन्याच्या शहरात बीगल बॉइज चौथऱ्यावरची मूर्ती उचलतात आणि एक अवाढव्य गोल धोंडा गडगडत सुटतो. १९८१ च्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'ची सुरुवात ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. पण इथे साम्याच्या पलीकडेही काही हाताशी आहे. जॉर्ज लुकास बार्क्सचा जुना वाचक. वर उल्लेख आलेल्या १९८१ च्या त्याच बार्क्स-ग्रंथासाठी त्याने बार्क्सच्या कामाचं कौतुक करणारा मजकूर लिहिला आहे. त्याने बार्क्स वाचला होता, हे त्याच्याच शब्दांत छापलेलं आहे.

'इन्सेप्शन'च्या बाबतीत असं काही हाती नाही. नोलनने रोझा वाचला होता, याचा पुरावा कोणी पुढे आणलेला नाही. नोलनच्या सांगण्यानुसार सिनेमाची कल्पना त्याच्या डोक्यात साधारण दहा वर्षं घोळत होती. म्हणजे ती रोझाच्या गोष्टीच्या आसपासच्या काळात जाते. तेव्हा इथे फार तर 'साम्य' असं लिहिता येतं. 'वरून घेतलं' असं लिहिता येत नाही.

गंमत म्हणजे 'द ड्रीम ऑफ अ लाइफटाइम'चे पक्के धागे वेगळीकडेच आहेत. स्क्रूजला जी स्वप्नं पडतात, ती त्याच्या पूर्वायुष्यातली, म्हणजे रोझाच्याच 'लाइफ अँड टाइम्स'मधली. ती प्रकरणं वाचलेल्याला ही गोष्ट दुप्पट भिडते. व्हायरल पोस्टमध्ये हे कुणीच सांगत नाही.

यात पैशांचाही प्रश्न आहे

बार्क्सच्या गोष्टींवर अनेक वर्षं त्यांचं नाव नसायचं. वर 'वॉल्ट डिस्ने' अशी सही असायची. पोरं मात्र हात ओळखत होती. 'तो चांगला बदकवाला' एवढंच त्यांना माहीत होतं. १९६० च्या सुमारास काही चाहत्यांनी शोधत शोधत त्यांचं नाव-पत्ता काढला. कोणती गोष्ट त्यांची, कोणती दुसऱ्याची, याची छाननी वाचकांनी चित्रं शेजारी ठेवून केली. आजचे डेटाबेस त्याच कामाचे वारस आहेत.

रोझाचं नाव छापलं गेलं, पण त्याची तक्रार निराळी होती. पानामागे ठरलेली रक्कम एकदा मिळायची. पुढे तीच गोष्ट युरोपभर पुन्हा पुन्हा छापली गेली तरी त्याचा मोबदला त्याला मिळत नसे. त्याने हे जाहीरपणे लिहून सांगितलं आहे आणि काम थांबवण्याच्या कारणांत ते एक कारण होतं. अशा वेळी कोणत्या देशात, कोणत्या साली, कितव्यांदा छापलं, याची सार्वजनिक यादी असणं ही नुसती हौस उरत नाही. माणसाचं काम किती लांब गेलं, हे कुणालाही तिथे मोजून पाहता येतं.

माळ्यावरचा वेताळ

आता घराजवळ येऊ. महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत माळ्यावरच्या पेटीत इंद्रजाल कॉमिक्सचे अंक निघतील. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली आणि ती १९९० पर्यंत चालली. मराठीतही निघायची. तिचा खरा नायक वेताळ, म्हणजे ली फॉकचा फँटम.

पण इंद्रजालच्या वेताळकथा मुळात अंकासाठी काढलेल्या नव्हत्या. फँटम ही अमेरिकन वर्तमानपत्रांतली रोजची पट्टी. ती १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू झाली. दिवसाला तीन-चार चौकोन, आणि एक गोष्ट महिनोन् महिने चालायची. ती मोजक्या पानांत बसवताना चौकोन गाळावे लागले. नावंही बदलली. मूळ कथेतले 'सिंग' चाचे इथे 'सिंगा' झाले, कारण सिंग हे आपल्याकडे लाखो लोकांचं नाव. वेताळाच्या बापाला मारणारा 'रामा' इथे 'रामालू' झाला. वेताळाचा देश मूळ पट्टीत 'बंगाला', आपल्याकडे 'डेंकाली'. फॉकने स्वतःही हा देश आधी आशियात ठेवला होता आणि पुढे आफ्रिकेत नेला, तो भाग निराळाच.

म्हणजे नावावरून शोधणारा इथे हरला. ऑस्ट्रेलियात किंवा स्वीडनमध्ये फँटम वाचणारा आणि नाशिकमध्ये वेताळ वाचणारा एकाच गोष्टीबद्दल बोलत असतील आणि दोघांना पत्ता नसेल. अशा वेळी चाहत्यांनी धरलेला मार्ग म्हणजे चित्रांवरून जुळवणं. शब्द बदलले तरी चौकोन तेच राहतात. चित्रकाराच्या हातावरून काळही कळतो. रे मूरच्या सावल्या गडद असतात, विल्सन मॅकॉयच्या रेषा साध्या, भाबड्या, आणि १९६० नंतरच्या साय बॅरीचा वेताळ पिळदार, आधुनिक. आधी हात ओळखायचा, मग त्या काळातल्या पट्ट्या काढून पहिला आणि शेवटचा चौकोन ताडून बघायचा.

जुळलं, की तिसऱ्या रकान्यात लिहायचं 'पुनर्मुद्रण, संक्षिप्त, नावं बदललेली'. मराठी अंक हाती असेल तर सोबत अंक क्रमांक, तारीख, पानं आणि वेताळकथा संपल्यावर पानं भरायला टाकलेला मजकूरही टिपायचा. तोही कुठून तरी आलेला असतो. एखादं पान फाटलेलं असेल तर तसं स्पष्ट लिहायचं. नाहीतर पुढचा माणूस ते गाळलेलं पान समजेल आणि नसलेल्या संपादकाला दोष देईल.

आणि त्याच गठ्ठ्यात एखादा बहादूरचा अंक निघाला, तर हा सगळा खटाटोप करायचं कारण नाही. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये उभा केलेला हा नायक इथलाच. त्याच्या पहिल्या छपाईपुढे 'कशावरून छापलं' हा रकाना रिकामा ठेवायचा असतो.